हातचा

तार्तूच्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर
मी मोजते.
कोणी कोणाचा हवाला दिला, किती वेळा, कोणत्या साली.
फिजिओथेरपीची तीस वर्षं पडद्यावर पसरली
की गोलांचा नकाशा होतो:
कंबरदुखी मधोमध, गलेलठ्ठ, केशरी,
तिला खेटून गुडघे,
मग पक्षाघात,
आणि हल्लीच टम्म फुगलेला
घरबसल्या उपचाराचा पोपटी फुगा.
गोलांमधून रेघा: हा त्याला ओळखतो, तो ह्याला,
आणि काही जण, खरं सांगायचं तर,
स्वतःलाच फार ओळखतात.

मार्चमध्ये कडेला एक ठिपका दिसला.
धूळ समजून पडदा पुसला. गेला नाही.
‘पार्नू बंदरात जाळी सांधणाऱ्या तेवीस बायकांचे अंगठे.’
लेखिका विर्वे तम्मेओर्ग, साल सत्त्याण्णव,
भाषा एस्टोनियन, नियतकालिक सहा अंकांत मिटलेलं.
संदर्भ: शून्य.
म्हणजे आमच्या खिजगणतीतही नाही.

शून्यांनी माझी झोप उडत नाही,
निम्मा नकाशा त्यांच्यावरच उभा असतो.
पण हा लेख मी वाचला.
मोजणाऱ्यांनी वाचायचं नसतं, हात आखडतो.
तक्ता दोन: वय, कामाची वर्षं, दुखरा हात.
नऊ नंबरच्या बाईपुढे: उपचार अर्धवट सोडले.

आठवड्याभराने चिली देशातल्या चिलोए बेटावरून
ओस्वाल्दो मिल्यालोंको नावाच्या कुणाचा लेख आला.
तिथेही जाळी, तिथेही अंगठे,
आणि शेवटच्या यादीत कुणी एक व्ही. तमेरोग, साल एकोणऐंशी.
नाव चुकलेलं, साल चुकलेलं,
म्हणून यंत्राने तिला निराळीच बाई समजून
निराळ्या खणात ठेवलेलं.
मी कळ दाबली. दोघींची एक झाली.
शून्याचा एक झाला.

एवढी बातमी पत्राने कशी कळवायची?
बसने गेले. खाडीत बर्फ अजून तुकड्या-तुकड्याने तरंगत होता.
विर्वे त्र्याऐंशीची, धुरावलेल्या माशाचे काटे काढत बसलेली.
“एक,” मी म्हणाले.
“बरं,” ती म्हणाली. “त्याच्या बायकांना उतार पडला का?”
तो रकाना आमच्याकडे नसतो.

नववीचं विचारलं तर काटा हातातच राहिला, हसली.
“लाइने! ती कसली सोडतेय. बरी झाली ती.
चौथ्या आठवड्यात हेरिंग आली, अंगठा चालत होता,
मला दाखवायला कशाला येईल?
पण आली नाही म्हणजे गळाली, असा नियम.
मीच लिहिलं, माझ्याच पेनाने.”

मग माझा हात ओढला, मनगटाच्या कडेला बोट दाबलं.
मी ओरडले.
“किती वर्षं धरलायस हा उंदीर?”
सतरा.
अंगठा मुठीत मिटायला लावला, मूठ करंगळीकडे हळूच झुकवायला,
“दुखेल तिथे थांब, पुढे जाऊ नकोस, दहा मोज.
मोजता येतं ना तुला?”

परतीची बस. विल्यांदीपर्यंत अंधार.
शाळेत बेरजेच्या डोक्यावर हातचा एक बारीक लिहायचे,
उत्तर आलं की खोडून टाकायचे,
बाई म्हणायच्या, वही स्वच्छ हवी.
हे का आठवलं कोण जाणे.
अंगठा मुठीत. मूठ खाली. सहा, सात.

समोरच्या सीटवरचं लाल टोपीतलं पोर
बराच वेळ टक लावून बघत होतं.
मग त्याने आपला अंगठा मुठीत मिटला,
मूठ करंगळीकडे झुकवली,
आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागलं,
कुठलाही संदर्भ न देता,
चारनंतर थेट सात.