जो कोणी

मुद्देमालाच्या रजिस्टरात रकाने सात.
अनुक्रमांक, वर्णन, वजन, अंदाजे किंमत,
कोणाकडून, कोणासमक्ष, शेरा.
एकोणीस वर्षं मी हेच भरतोय.
पंचगंगेच्या काठावरून चोरलेल्या पाण्याच्या मोटारी,
कोयते, गावठी कट्टा,
एकदा तर कुणाच्या तरी तालमीतली चांदीची गदा.
सगळं बसलं सात रकान्यांत.

त्या रात्री तावडे हॉटेलच्या नाक्यावरून आणलेलं
बसेना.

गुळाच्या ढेपेएवढं. रंग पिवळा.
वर तीन पात्यांची काळी खूण.
होमगार्ड म्हणाला, "फॅनची मोटार हाय व्हय?"
आणि एका हातानं उचलायला गेला.
हललं नाही.
एवढ्याशा अंगात एवढं शिसं.

आणणारा बाळगोंडा,
शिरोलीच्या फौंड्रीत ओतकामाचे फोटो काढणारा.
पंपाच्या पोटात कुठं चीर राहिली
ते ह्या डब्यातल्या उजेडात दिसतं म्हणे,
लोखंडाच्या आरपार.

"घेणारा कोण?"
"आवाज हुता, मॅडम."
"आवाज?"
"फोनवरचा. मऊ बोलायचा.
दर खेपंला आईच्या गुडघ्याचं इचारायचा."
"आणि तो ह्याचं काय करणार होता?"
बाळगोंडा बराच वेळ कॅलेंडरकडं बघत राहिला.
"गिऱ्हाईक घरी जाऊन काय शिजवतंय
ते इकणारा इचारतो व्हय?"

घोरपडे मॅडमनी कपाटातनं पुस्तक काढलं.
पातळ. पानं अजून एकमेकांना चिकटलेली.
त्या वाचत गेल्या, मी लिहीत गेलो:
जो कोणी, बेकायदेशीरपणे आणि जाणूनबुजून,
असे द्रव्य बाळगील, नेईल, आणील,
देईल, देण्यास मदत करील,
वाक्य संपेना.
पेन बदललं तरी संपेना.
मग ध्यानात आलं, हे वाक्य नव्हेच,
ही नाकाबंदी आहे.
एक स्वल्पविराम किणीला, एक शिरोलीला, एक कागलला,
आणि कोणता रस्ता राहिलाय का
ते बघायला एक "किंवा".

बाकीची कलमं झालेल्या गोष्टीची.
खून झाला, की जुनं तीनशे दोन, नवं एकशे तीन.
प्रेत असतं, रडणारी माणसं असतात,
दारात चपलांचा ढीग असतो.
हे कलम न झालेल्याचं.
ह्यात कुणी रडत आलं नाही.
गंगावेशीत म्हशीसमोर पेला धरून उभी पोरं,
धारोष्ण दुधाचा फेस मिशीला,
त्यांना पत्ताच नाही की फिर्याद त्यांची आहे.
ती कुठल्या शहरातली पोरं असती
तेही कुणाला माहीत नाही.

"जाणूनबुजून" कसं सिद्ध करायचं, मी विचारलं.
मॅडमनी एक छोटी पिशवी पुढं सरकवली.
बाळगोंडाचा बिल्ला.
किती किरण अंगात गेले ते मोजणारा,
रोज छातीवर लावायचा.
त्या दिवशी लॉकरमध्ये काढून ठेवला होता.
बाळगोंडानं पिशवीकडं पाहिलं
आणि पहिल्यांदा पाणी मागितलं.

पहाटे मुंबईची माणसं आली,
हातात टिकटिकणारं यंत्र.
झाकण शाबूत आहे म्हणाली, काळजी नाही.
डबा नेला, पावती दिली.
तरी मी तीनदा हात धुतले,
होमगार्डनं चारदा.

अंदाजे किंमत?
बाळगोंडा नऊ लाख म्हणाला होता.
मॅडम म्हणाल्या, तुम्हाला सुचेल ते लिहा.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
मी एक रकाना कोरा सोडला.

उरला फोन. वर्णन: काळा, काच तडकलेली.
पाकिटात घातला, दोरा बांधला,
लाख वितळवून थेंब सोडला.
लाख अजून मऊच होती
तेवढ्यात पाकीट टेबलावर थरथरलं.
पातळ कागदातनं उजेड आला.
मॅडम उठून उभ्या राहिल्या. बाळगोंडा बसलेलाच.

नाव नाही, नंबर नाही.
जो कोणी.