वाळुंजीची खबर

पाणी यंदा लवकर आलं.
नोव्हेंबर सरायच्या आत रस्ता बुडाला,
आणि पॅरेट नदी
न सांगता येणाऱ्या पाहुणीसारखी
फाटकापाशी येऊन थबकली.
पत्र उशिरा पोचलं तर टपालवाल्याला बोल लावू नका,
बिचारा दोन दिवस ट्रॅक्टरवर बसून येतोय.

आमचं म्हणाल, तर चाललंय.
रोलंडने कापणी धरलीय.
पानं झडली, रस खाली उतरला,
की मगच काठीला कोयता लावायचा,
हे त्याच्या बापाचं सांगणं.
बाप सांगायचा ते सगळंच खरं नव्हतं,
पण हे आहे.
काळपट जात, पिंगट जात, आणि एक शेंदरी,
जी थंडीत अशी पेटते
की लग्नाच्या पहिल्या वर्षी मी लांबून बघून
बादली घेऊन धावले होते.
रोलंड हे अजून सांगतो,
दारात येणाऱ्या प्रत्येकाला, किंमत सांगायच्या आधी.

किमती वाढवल्यात. दोन पौंड.
तीन संध्याकाळी भांडलो त्यावर.
एका टोपलीला किती तास लागतात
ते मी कागदावर मांडून दाखवलं.
त्याने नीट वाचलं आणि विचारलं,
यात चहा धरलास का?

जूनमध्ये बेकरीचं काम होतं,
चाळीस परड्या, पाव फुगत ठेवायला.
अडतिसाव्या परडीला त्याचा अंगठा अडला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विश्रांती.
तो म्हणाला, दोनच राहिल्यात.
त्या दोन मी केल्या.
बेकरीवाल्यांना कळलं नाही.
त्याने मात्र काठावरून बोट फिरवलं,
म्हणाला, ही तुझी. आणि ही.
पुढे काही बोलला नाही.
आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

आणि हो, मिस्टर हेम्बरो.
एप्रिलात आले, पलीकडच्या बागेतले, सायडरवाले.
म्हणाले, माझं माप घ्या,
आणि शिंप्यापुढे उभं राहावं तसे हात पसरून उभे राहिले.
शवपेट्याही विणतो आम्ही, वर्षाला सात-आठ,
पण माप द्यायला स्वतः कुणी येत नाही.
पाच फूट नऊ.
टोपी धरून की टोपीशिवाय? रोलंडने विचारलं,
आणि म्हातारा खरंच विचारात पडला.

मे संपता संपता पेटी झाली.
ते आले, बूट काढून ओळीत ठेवले, आत आडवे झाले.
शेडमध्ये नुसता घड्याळाचा आवाज.
मी उगाच टेबलावरच्या काड्या गोळा करत राहिले.
मग आतून:
कोपर लागतंय.

दोन इंच वाढवायची म्हणजे अर्धी उसवायची.
उसवली.
आता ती त्यांच्या कोठीत आहे,
सफरचंदांनी भरलेली.
हवा खेळती राहते, म्हणतात, एकही सडलं नाही.
परवा होडीतून डझनभर घेऊन आले,
आणि निघता निघता:
झाकण करकरतंय. असलं झाकण लावलंत तर उठून बसेन.
वसंतात बघू, रोलंड म्हणाला,
आणि वहीत तेवढंच लिहिलं: बघू.

उरलेल्या मोळ्या मागच्या खड्ड्यात
घोटाभर पाण्यात उभ्या केल्यात.
पांढऱ्या कामाची साल अशी काढता येत नाही,
आधी काठीला रस चढू द्यावा लागतो.
कापलेल्या काठ्या त्या, मूळ नाही, माती नाही,
तरी मार्च आला की डोळे फुटतात,
मग पानं, खाली पांढऱ्या मुळ्यांची दाढी.
कापलं गेल्याची खबर त्यांना कुणी दिलेलीच नसते.
मी दर वर्षी दोन-चार काठ्या सोलत नाही,
बांधाला खोचून देते.
रोलंडला वाटतं मोजणीत चूक होते माझी.

ता. क.
घरात हीटर असेल तर टोपली महिन्यातून एकदा
रात्रभर अंगणात, धुक्यात ठेवा.
फार कोरडी पडली की तुटते.
आणि बेकरीवाल्यांना काही सांगू नका.

हेस्टर,
आणि रोलंड. त्याची सही मीच केलीय,
अंगठा अजून कुरकुरतो.