'देणं'

चिन्लीच्या दवाखान्यात, औषधांच्या खिडकीशी
आधी कुळं सांगायची, मग गोळ्या.
मी कडू पाण्याची, वडील उंच घराचे.
हॉस्की त्सिनाजिनी मान डोलावतात :
'म्हणजे तू माझी नात लागतेस. आता दे.'

आता दे.
इथेच जीभ अडते.
फिनिक्सच्या कॉलेजात सहा वर्षं
रेणूंची नावं घोकली, एकही चुकत नाही.
पण आमच्या नवाहोत 'देणं' एकच नसतं :
वाटोळ्या वस्तूचं वेगळं, सुईसारख्या ताठ काडीचं वेगळं,
लुळ्या पट्टीचं, भांड्यातल्या पाण्याचं वेगळं.
हातात काय आहे ते
क्रियापदाला आधीच ठाऊक.

आज बाटलीतून एक गोळी काढून पुढे केली
आणि तोंडातून गेलं ते
कोकरू देतानाचं.

रांग हसली. मागची बाई तर डोळे पुसेपर्यंत.
हॉस्की हसले नाहीत. तळहातावर गोळी
जरा वेळ धरून राहिले,
उठून पळेल की काय, अशी.

कागदावर छापलंय : चक्कर, क्वचित मृत्यू.
ते तोंडावर म्हणायचं नसतं, बोललेलं घरी येतं.
मी म्हणते, 'कुठेतरी दूर एका माणसानं घेतली.
उठताना त्याला डोंगर फिरल्यासारखे वाटले.'
'मग?'
'खाली बसला. पाणी प्यायला.'
'शहाणा होता.'

तीनदा, जेवणानंतर, असं लिहिलंय.
ते जेवतात एकदाच, मेंढ्या आत घेतल्यावर.
मी डॉक्टरांना फोन लावते.

पिकअपकडे जाताना बाटली खिशात,
दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली,
अलगद. श्वासापुरती फट ठेवून.