रेषेची जाडी

शाळेत शिकवतात, रेषेला लांबी असते, जाडी नसते.
आमच्या रेषेला तीनशे फूट जाडी होती.
ओहायोत, महामार्ग खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर,
सत्तावन्न साली,
सकाळी मी ती पेन्सिलीनं ओढली
आणि जेवणाच्या सुट्टीआधी शाईनं गिरवली.

माझं काम वळणांचं.
ताशी साठ मैलांनी येणाऱ्या माणसाच्या
हातातली कॉफी हिंदकळू नये
इतकं मऊ वळण.
तसल्या वळणाला जागा फार लागते.
जागा लार्च स्ट्रीटवर होती.

नकाशात लार्च स्ट्रीट म्हणजे एकशे चौदा चौकोन.
मोजणीला गेलो तेव्हा कळलं, चौकोनांना वास येतो:
तळलेल्या मासळीचा, न्हाव्याच्या पावडरीचा,
चर्चच्या तळघरातल्या दमट पुस्तकांचा.
तिथे कुणाला कुठे जावंच लागत नसे,
दाराबाहेर पाऊल टाकलं की माणूस पोचलेलाच.

ऑर्डेला प्रूइट फाटकाशी उभ्या होत्या.
उन्हातून आलेल्या मला त्यांनी आधी पाणी दिलं,
मग विचारलं,
माझं नासपतीचं झाड रेषेच्या अलीकडे की पलीकडे?
मी म्हणालो, बाई, झाड रेषेत आहे.
त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला.
त्यात अजून पाणी होतं.

त्याच वर्षी मला घराचं कर्ज मिळालं.
युद्धावरून आलेला, सरकारी पगार, गोरी कातडी;
बँकेतला माणूस कागदावरून मानही वर करत नव्हता.
ऑर्डेलाबाईंना त्याच बँकेनं काय सांगितलं
ते मला माहीत नाही,
असं मी बरीच वर्षं म्हणत आलो.

वसाहतीचं नाव पेअर ऑर्चर्ड हाइट्स.
ना बाग, ना उंची.
गॅरेज मात्र स्वयंपाकघराहून मोठं,
आणि त्यात आमची पुदिन्याच्या रंगाची प्लिमथ,
मागे माशासारखे दोन पर.
एल्फ्रीडा म्हणायची, हिला तू ज्या हातानं पुसतोस
तो हात कधी माझ्या पाठीवरून फिरव की.
फुटपाथ नव्हता. जाहिरातीत ते सुख म्हणून छापलं होतं.

मी वाट काढली.
किती जणांची वाट लागली, ते दुसऱ्या खात्याकडे होतं.

आता एल्फ्रीडा नाही.
परवाच्या थँक्सगिव्हिंगला मार्लीसनं, माझ्या लेकीनं,
माझ्या खिशातून किल्ली काढून घेतली,
हळूच, मी लहानपणी तिच्या मुठीतून काडेपेटी काढायचो तशी.
डोळ्यांचं कारण. बरोबरच आहे.
पण दूध अडीच मैलांवर.

एकदा निघालो चालत, कडेच्या गवतातून, सपाता घालून.
एका पोरानं गाडी हळू केली, काच खाली केली:
आजोबा, गाडी बंद पडली का?
चालणाऱ्या माणसाबद्दल याहून वेगळं
त्याला काय सुचणार?
हो म्हणालो. पडली.

बाकीचे दिवस मी खिडकीत बसून वाट बघतो.
अक्षरशः वाट.
डांबर, पांढरा पट्टा, पत्रपेटी.
शनिवारी मार्लीस येते, डॉक्टरकडे नेते,
माझ्याच वळणावरून.
तिथे आलो की मी मनात आकडे म्हणू लागतो.
एकशे चौदा घरं, एक चर्च, एक न्हावी, एक झाड:
सव्वीस सेकंद.
काय मोजताय, पप्पा, ती विचारते.
तिचा कॉफीचा कप आमच्या दोघांमध्ये, काठोकाठ भरलेला.
मी त्याच्याकडे बघत राहतो.
हलत नाही.