सांतियागो ते ऑकलंड

पडद्यावर आकडा : नऊ हजार सहाशे किलोमीटर,
तेरा तास, खाली सगळं पाणी.
एदुविहिस तिकडे बघत नाही.
लाकडी सुया काढते, राखाडी लोकर,
आणि मनगटापासून बाही धरते.

रविवारी रात्री निघालेलं विमान
मंगळवारी पहाटे उतरणार.
सोमवार मधेच कुठेतरी गळाला,
विणीतून सुटलेल्या टाक्यासारखा.
ती बोटाने चाचपते. उसवावं का?
शेजारचा घोरतोय. पुढे विणते.

कोपर आलं तेव्हा अर्धा समुद्र झाला असेल.

बाहेर नावेल उभा,
नखांत किवीच्या मळ्यातली माती.
ती आधी मिठी मारत नाही,
बाही लावून बघते त्याच्या हाताला.

चार बोटं तोकडी.

‘सहा वर्षं झाली, आई.’
ती पिशवीत उरलेली लोकर शोधते.