रिकामं घर, सात वेळा

कामावर घेतलं त्या दिवशी मिळाली
एक काळी पिशवी, शिक्का मारलेली,
ती ठेवायला आणखी एक पिशवी,
आणि बावीस पेन्सिली.
लिहायचं सगळं फोनवर होतं.

लुथरन चर्चच्या तळघरात चार दिवस प्रशिक्षण.
वेंडेल क्वाम पुस्तक वाचायचा, शब्दन् शब्द,
‘इथे थांबून शंका विचाराव्यात’ हेसुद्धा वाचायचा,
आणि न थांबता पुढे जायचा.
अठ्ठावीस जण होतो. पाचव्या दिवशी अकरा.
गेलेल्यांना पगार मिळाला, पिशव्याही राहिल्या.
त्यांतला एक अजून तिच्यातून कोंबड्यांचा दाणा नेतो.

माझ्या वाट्याला आलं ऑर्व्हल स्टेनरूडचं घर.
एक्केचाळीस मैल, निम्मे खडीचे,
पुढे नुसतं गवत आणि मोंटानाचा वारा.
ऑर्व्हल गेला त्याला वर्ष होत आलं.
त्याच्या मयताला मी बटाट्याचं कॅसरोल नेलं होतं,
भांडं अजून परत आलेलं नाही.
फोनला यातलं काही ठाऊक नव्हतं.

दार वाजवलं. ‘कोणी नाही’ दाबलं.
फोन म्हणाला, पुन्हा या.
पुन्हा गेले. पुन्हा दाबलं.
पुन्हा या.

तिसऱ्या खेपेला शेजाऱ्याला विचारायचा नियम.
शेजारी म्हणजे लोरेटा, नऊ मैलांवर.
ती म्हणाली, ‘डार्लीन, त्याला पुरताना
तू माझ्याच छत्रीत उभी होतीस ना?’
होते गं. पण मला ते तुझ्या तोंडून हवंय.

चौथ्या खेपेनंतर बिलिंग्जहून एक पोरगा आला,
मी रिकामं म्हटलेलं घर
खरंच रिकामं आहे का ते पाहायला.
भाड्याची गाडी, मोटेलच्या दोन रात्री.
घराला फेरी मारली, काचेला नाक लावलं.
‘रिकामंच आहे,’ म्हणाला, जरा हिरमुसून.
मी त्याला थर्मासमधली कॉफी दिली.
पाचवी खेप त्याच्या अहवालासाठी.
सहावी कशासाठी, ते वेंडेललाही सांगता आलं नाही.

गावच्या वाचनालयाचं छत गळतं.
त्यासाठी आम्ही शनिवारी केक विकतो,
डॉलर-डॉलरच्या नोटा कॉफीच्या डब्यात.
ते बघत, जिनाच्या कॅफेत, वीस वर्षं
सरकारच्या नावाने सगळ्यांत मोठ्याने
बोटं मोडणारी मीच.

पिशवीवर तक्रारीचा नंबर होता.
फिरवणार होते, देवाशपथ.
पण मैलामागे पैसे मिळत होते.
दोन खेपांत दाढेची टोपी बसली,
तीन खेपांत प्रोपेनची टाकी भरली.
आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, म्हणतात.
जात्यापाशी बसल्यावर कळतं,
पीठ कोमट असतं,
आणि कुत्र्याला कोणी विचारत नाही, भूक होती का.

सातव्या खेपेला घाई केली नाही.
ऑर्व्हलच्या पायरीवर बसून सँडविच खाल्लं.
पडवीच्या खांबावर पेन्सिलीच्या रेघा होत्या,
पोरांच्या उंचीच्या, शेजारी सालं.
सर्वांत वरची माझ्या कपाळाच्याही वर.
फोनमध्ये याला रकाना नव्हता.
‘कोणी नाही’ दाबलं. या वेळी त्याने मान्य केलं.

दोन आठवड्यांनी निरोप आला: काम संपलं, आभार,
साहित्य तातडीच्या कुरिअरने परत करा, खर्च आमचा.
कुरिअरवाला लांबून आला, माझ्या एकटीसाठी.
खोकं हलवून म्हणाला, ‘हलकं आहे. काय आहे आत?’
पिशवी.
‘आणि पिशवीत?’
पिशवी.

पेन्सिली कोणी मागितल्या नाहीत.