तीनशे बारावं पान

खुनी ती स्वयंपाकीण नव्हे.
हे मी एकोणचाळिसाव्या पानावरच सांगितलं होतं,
मोठ्याने, शेगडीवरच्या किटलीला.
इतकी उघड बाई खुनी असती
तर लेखकाने साडेचारशे पानं कशाला खर्ची घातली असती?

बाहेर एमायोगी गोठलेली.
तार्तूच्या वाचनालयाचा शिक्का म्हणतो, शुक्रवारपर्यंत परत.
आज बुधवार. राजाचा नकाशेवाला
अजून जिन्यात तसाच पडलाय,
मुठीत एका बेटाचा नकाशा,
जे बेट समुद्रात नाही.

हेर सगळे देखणे. हे काही पटलं नाही.
मी जवळून पाहिलेला एकुलता एक हेर
बारा महिने सर्दीने बेजार असायचा
आणि त्याच्या कोटाला कोबीच्या सूपाचा वास यायचा.

जादू मात्र आवडली. थोडी.
भिंतींना कान असतात म्हणतात ना,
इथे ते खरंच उगवतात,
ओल धरली की, अळंब्यांसारखे.
राजवाड्यातली एक पोरगी
रोज पहाटे सुरी घेऊन ते खुडते,
आणि खुडलेले कान
टोपलीत एकमेकांना ऐकत राहतात.

इथे मी पुस्तक मिटलं.
चहा ओतला, प्यायले नाही.

तेवीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते.
कानच होते मी. पगारी.
लेखकमहाशय, तुम्हाला कोणी सांगितलं
की ऐकणाऱ्याच्या वाट्याला गुपितं येतात?
बटाटे येतात.
किती पोती झाले, तळघरात किती सडले,
इल्मारचा खोकला,
मावशीच्या गुडघ्याला मेंढीच्या लोकरीची पट्टी,
आणि पुन्हा बटाटे.
तुमचा नायक एका रात्रीत दोन कट ऐकतो!
त्याला आमच्या रात्रपाळीला बसवायला हवं होतं.

एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर
माझ्याआधीच्या कुणा वाचकाने
समासात पेन्सिलीने नाव लिहून ठेवलंय.
खुन्याचं, दुसरं कुणाचं असणार?
मी त्यावर अंगठा ठेवला
आणि ते पान एका हाताने वाचलं.

मग तीनशे बारा.
राजा सगळ्यांना रांगेत उभं करतो,
प्रत्येकाच्या जिभेवर निळ्या मिठाचा खडा.
जो खोटं बोलेल त्याची जीभ निळी.
सरदार, हेर, स्वयंपाकीण, सगळ्यांच्या गुलाबी.
शेवटी ती पोरगी.
कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ती हीच,
तीनशे पानं माझ्या डोळ्यांसमोर टोपली घेऊन फिरत होती
आणि मला पत्ता नाही!
टाळी द्यावी असा डाव.
पण मी दिली नाही.

सत्याहत्तरचा मार्च, एक्सचेंजचा तळमजला.
त्याने नाक पुसलं, रुमालाची नीट घडी केली.
कॉम्रेड रेत्सेप, साडेसातच्या कॉलवर
ती बाई काय बोलली?

ती म्हणाली होती, गुरुवारी येऊ नकोस.
एवढंच.
मग बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नव्हता
आणि मीही वायर काढली नव्हती.

मी म्हणाले, बटाटे.

ती बाई कोण, तो कोण,
गुरुवारी कुठे काय व्हायचं होतं,
पुढे कधी कळलं नाही.
माझ्या कथेला शेवटचं प्रकरणच नाही.
घरी येऊन आरशात जीभ मात्र पाहिली होती.
तेव्हा हसूही आलं नव्हतं, आज येतंय.

त्या पोरीचं पुढे काय झालं, वाचणार नाही मी.
कुणासाठी खोटं बोलली, तेही नको.
इतकी पानं लिहिणाऱ्याला
एक जीभ गुलाबी ठेवता आली नाही?

गुरुवारी रात्री मागे जाऊन अंगठा उचलला.
समासात लिहिलं होतं: स्वयंपाकीण!
खाली दोन रेघा, ठाम.

खोडरबर काढला.
मग डब्यात परत टाकला.
पुढच्या वाचकालाही
कुणीतरी खोटं सांगायला हवं.